गावात बाग, मैदान, ओपन जिम करायचंय? गावकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

छोट्या गावात, म्हणजे हजार-दोन हजार वस्तीच्या गावात, बाग किंवा मैदान करायचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुढे येतात. काही सरपंचांचे असतात, काही तरुण मंडळांचे, काही पारावर बसलेल्या मंडळींचे. कायद्याचे आणि निधीचे संदर्भ महाराष्ट्रातले आहेत.

गावाला बाग कशाला हवी? चारी बाजूंनी शेतंच तर आहेत.

हा प्रश्न ग्रामसभेत हमखास येतो, आणि बहुतेक वेळा ज्यांची नातवंडं शहरात असतात तेच विचारतात.

शेत कुणाचं तरी असतं. उभ्या पिकात मुलांना कोण खेळू देणार? पूर्वी गावात खेळायच्या जागा आपोआप होत्या. सुगी झाली की खळी मोकळी व्हायची. शेणाने सारवलेल्या त्या सपाट जमिनीवर लंगडी, विटीदांडू, हुतूतू सगळं चालायचं. मळणीयंत्र आलं, मग हार्वेस्टर आला, आणि खळी गेली. देवळापुढच्या पटांगणात सभामंडप उभा राहिला, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि त्यावरून मोटारसायकली सुसाट जाऊ लागल्या. पाणी घरात नळाला आलं ही चांगलीच गोष्ट, पण विहिरीवर, आडावर बायकांना दोन घटका बोलायला जी जागा होती तीही त्यासोबत गेली. एकेक बदल चांगलाच होता. जागा मात्र कमी होत गेल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या पहिल्या अनुसूचीत ग्रामपंचायतीची कामं दिली आहेत. दिवाबत्ती आणि गटारांच्या पंगतीत आखाडे, खेळाच्या आणि करमणुकीच्या जागाही तिथे बसल्या आहेत.

आधी बाग करावी की मैदान?

मैदान. बागेला रोज पाणी लागतं आणि रोज माणूस लागतो. मैदानाला सपाट जमीन आणि वर्षातून एकदा रोलर पुरतो. मैदानाच्या कडेने झाडं लावली की चार-पाच वर्षांत सावली होते, सावलीत दोन बाक ठेवले की बाग झालीच. उलटं करायला गेलं की हिरवळ वाळते, कारंजं बंद पडतं आणि खेळायला जागाही उरत नाही. जिल्ह्याच्या गावातली बाग पाहून तशीच छोटी आवृत्ती आपल्याकडे करायची हौस टाळा.

किती जागा लागेल?

गुंठ्यांत सांगतो, कारण गावात जमीन गुंठ्यांतच कळते. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर.

खो-खोचं मोठ्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं. भोवती मोकळी पट्टी धरली तर साडेपाच-सहा गुंठे. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मुलींचं १२ बाय ८. तीन-चार गुंठ्यांत ते ऐसपैस बसतं. व्हॉलीबॉल १८ बाय ९ मीटर, चहूबाजूंनी तीन-तीन मीटर मोकळे सोडले तरी साडेतीन गुंठे पुरे. लहान मुलांच्या खेळण्यांना दोन-तीन गुंठे. थोडक्यात, पंधरा-सोळा गुंठे सलग मिळाले तर गावाचं बरंचसं काम भागतं.

क्रिकेटचं मात्र विचारू नका. क्रिकेटला जेवढी द्याल तेवढी जागा कमीच पडते, आणि जेवढी असेल तेवढ्यात ते खेळलंच जातं.

जागा कुठून आणायची?

खरा प्रश्न हाच. पैसा पुढेमागे मिळतो, जागा एकदा हातची गेली की गेली.

पहिल्यांदा गावठाण बघा. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. तुमच्या गावचं काम झालं असेल तर नकाशा मागवा आणि ग्रामपंचायतीच्या नावावर कुठले मोकळे तुकडे आहेत ते चार माणसांनी उन्हातान्हात फिरून प्रत्यक्ष पाहा. जुना कोंडवाडा, पडकी चावडी, वापरात नसलेली पाण्याची टाकी, बाजारतळाचा एक कोपरा, अशा जागा निघतात. ‘आपल्याकडे जागाच नाही’ म्हणणाऱ्या गावातसुद्धा निघतात.

दुसरी जागा जिल्हा परिषद शाळेची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेला खेळाचं मैदान असावंच लागतं, त्यामुळे निदान थोडी तरी जागा तिथे असते. शाळा सुटल्यावर ती गावाने वापरायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, फाटकाची किल्ली कुणाकडे राहील ते त्यातच लिहा. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांची बदली होईपर्यंतच टिकते.

तिसरी जागा गायरानाची, आणि सगळ्यांचा डोळा तिच्यावरच असतो. इथे सांभाळून. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींबाबत कडक निकाल दिला आणि त्याला धरून राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. तेव्हापासून गायरान दुसऱ्या कामाला वळवणं फार अवघड झालं आहे. सार्वजनिक कामासाठीसुद्धा ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रीतसर परवानगी घ्यावी लागते. गायरानात परस्पर जेसीबी घालून मैदान केलं तर तेही अतिक्रमणच ठरतं, मग करणारी ग्रामपंचायत का असेना. शिवाय गुरं चरायची जागा घेऊन पोरांना खेळायला देणं हा मेंढपाळांवर आणि गुरं राखणाऱ्यांवर अन्याय आहे, हेही ग्रामसभेत बोललं गेलं पाहिजे.

चौथी जागा अनेकांच्या ध्यानात येत नाही. गावालगत प्लॉटिंग झालं असेल आणि मंजूर रेखांकन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल, तर राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत दहा टक्के मोकळी जागा सोडायला सांगितलं आहे. प्लॉट पाडणारा ती कागदावर सोडतो आणि दहा वर्षांनी तिच्यावर कुणाचा तरी पत्र्याचा गोठा उभा राहतो. मंजूर नकाशाची प्रत काढून ठेवा.

एक शेतकरी पाच गुंठे द्यायला तयार आहेत, पण कागद नको म्हणतात. ‘माझा शब्द आहे’ म्हणतात.

शब्दाचा मान ठेवा आणि बक्षीसपत्र नोंदवून घ्या. सातबारावर ग्रामपंचायतीचं नाव लागेपर्यंत तिथे एक पैसाही खर्च करू नका. दादांचा शब्द पक्का असेल, पण पुढे चार मुलगे, दोन मुली आणि वाटणीचा दावा असतो. कागद मागण्यात अविश्वास नाही, हे गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून त्यांना सांगितलेलं बरं.

मैदानाच्या कडेला आधीच कुणीतरी उकिरडा, गोठा, टपरी टाकली आहे. काय करायचं?

ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीलाच दिला आहे. सरकारी जमीन असेल तर तहसीलदारांकडे जावं लागतं. हे झालं कायद्याचं. गावात मात्र अतिक्रमण करणारा आपला चुलतभाऊ नाहीतर मतदार असतो, म्हणून नोटीस निघत नाही. उकिरड्याला दुसरी जागा नेमून दिली तर बहुतेक बायाबापड्या स्वतःहून हलवतात. टपरीवाला तसा हलत नाही, तिथे नोटीसच लागते.

पैसे कुठून मिळतात?

वाटा बऱ्याच आहेत, पण एकही पुरी पडत नाही. जुळवाजुळवच करावी लागते.

वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. पंधराव्या आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, ४० टक्के अबंधित. मैदानाचं काम त्या अबंधित भागातून होऊ शकायचं. पुढच्या आयोगाच्या अटी पंचायत समितीत विचारून घ्या. कुठल्याही वर्षी एक गोष्ट लागतेच: काम गावाच्या विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्यात नसेल तर पैसे खात्यावर असूनही खर्च करता येत नाहीत.

‘पंचवीस-पंधरा’ हा शब्द प्रत्येक सरपंचाला पाठ असतो. २५१५ या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं होतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी वेगळा, तो वर्षाला पाच कोटी असतो. पण तो सगळ्या मतदारसंघात वाटायचा असतो, हे विसरून गावकरी ‘पाच कोटीतले पंचवीस लाख काय जड आहेत’ म्हणतात. जड असतात.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना आहेत. छोट्या गावांकडून तिथे अर्ज कमी जातात, आणि गेलेल्यांपैकी पुष्कळ जागेच्या कागदांवर अडकतात. म्हणून आधी सातबारा.

सपाटीकरण, चर, झाडांचे खड्डे ही अंगमेहनतीची कामं रोजगार हमीत बसवता येतात का ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा. खेळाची मैदानं मनरेगाच्या कामांच्या यादीत होती, पण रोहयोचे नियम बदलत राहतात. गेल्या वर्षी शेजारच्या गावात झालं म्हणून यंदा होईलच असं नाही.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर आणि पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. दरवर्षी मार्चमध्ये त्या पैशांतून घाईघाईने काहीतरी खरेदी होते. त्याऐवजी मुलींच्या खो-खोचे खांब, दिवे, बाक, चाकाच्या खुर्चीसाठी उताराची वाट अशी कामं मागा. रक्कम लहान असते, पण हक्काची असते.

आणि लोकवर्गणी. मुंबई-पुण्याला, सुरतेला गेलेली गावची माणसं देवळाच्या कळसाला सढळ हाताने देतात. मैदानाला मागितलेले नसतात म्हणून दिलेले नसतात. जत्रेला सगळे गावी येतात, तेव्हा विषय काढा.

ग्रामसभेत विषय कसा आणायचा? आमच्याकडे ग्रामसभा कागदावरच होते.

विषय आठ-दहा दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. हजार मतदारांच्या गावात शंभर. तरुण मंडळ आणि दोन बचत गट आले की भागलं. ठरावात गट नंबर, क्षेत्र, कशासाठी आणि देखभाल कुणाकडे हे चारही मुद्दे लिहून घ्या. नुसतं ‘गावात उद्यान करावे’ असा ठराव कुठल्याच कामाचा नसतो. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण इतिवृत्ताची वही तीच आहे. ठराव लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा.

ओपन जिम घ्यावी का? शेजारच्या गावाने घेतली.

शेजारच्या गावाने घेतली हे कारण असेल तर घेऊ नका.

ओपन जिम लोकप्रिय का, तर ती एका दिवसात बसते, फोटोत दिसते आणि तिच्यावर नावाची पाटी लावता येते. पहिला महिना गर्दी असते. सहाव्या महिन्यात एअर वॉकरचं बेअरिंग कुरकुरायला लागतं, वर्षाने एक पाय निखळतो, आणि मग त्याला सुतळी बांधून ठेवलेली दिसते. शेतात दिवसभर खुरपणी केलेल्या बाईला संध्याकाळी छातीच्या व्यायामाचं यंत्र नको असतं, पाठ टेकायला बाक हवा असतो.

तरी घ्यायचीच असेल तर चार-पाचच यंत्रं घ्या. किमान तीन वर्षांची देखभाल खरेदीच्या करारात लिहून घ्या, आणि बेअरिंग तालुक्याच्या गावी मिळतं का ते आधी बघा. ही यंत्रं मोठ्यांसाठी असतात, लहान मुलं त्यात बोटं अडकवून घेतात. म्हणून ती घसरगुंडीपासून लांब बसवा. जोर काढायच्या एका दांडीचा आणि एका सिंगल बारचा खर्च फार थोडा असतो, त्यात मोडण्यासारखं काही नसतं, आणि भरतीची तयारी करणारी मुलं ती रोज वापरतात.

लहान मुलांची खेळणी बसवताना काय बघायचं?

सर्वांत मोठी चूक पायाखाली असते. झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घालतात, कारण ते ‘स्वच्छ’ दिसतं. पोर पडलं की डोकं फुटतं. झोपाळा, घसरगुंडी आणि चढायच्या जाळीखाली एक फूट खोल वाळू हवी, आणि ती दर महिन्याला फावड्याने मोकळी करायला हवी, कारण पायांनी ती दबून दगडासारखी होते.

काळ्या मातीचं गाव असेल तर पाया जास्त खोल घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ गाडलेला खांब दोन वर्षांत डुगडुगायला लागतो आणि दोष ठेकेदाराला जातो. खोदाईला कंजूसपणा करणारा ठेकेदारही असतो म्हणा, म्हणून पाया भरायच्या आधी खड्ड्याचा फोटो काढून ठेवा.

पत्र्याची घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून किंवा झाडाखाली लावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी तिच्यावर पापड भाजता येईल. वरून वीजवाहिनी जात असेल ती जागाच सोडा. विहीर, शेततळं, उघडी बोअर जवळ असेल तर आधी कठडा आणि झाकण, मग झोपाळा.

टायर आणि दोरखंड यांचीही छान खेळणी होतात. टायरला खालून भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डासांची पैदास होते.

कोणती झाडं लावावी?

सावलीला कडुनिंब, करंज, चिंच. जागा मोठी असेल तर कडेला एक वड किंवा पिंपळ, पण भिंतीपासून लांब. फुलांना बहावा, कांचन, बकुळ आणि ताम्हण. ताम्हण आपलं राज्यफूल, पण किती गावांत आहे? कोकणात ते सहज येतं, कोरड्या भागात पहिली तीन-चार वर्षं पाणी घालावं लागतं. एक आपटा लावा, म्हणजे दसऱ्याला डोंगरावरची झाडं ओरबाडायला नकोत. पाखरांसाठी उंबर, मुलांसाठी जांभूळ, आवळा, बोर. बोरीला काटे असतात म्हणून ती कुंपणाकडे.

गुलमोहर दिसतो छान, पण वादळात त्याच्या फांद्या पटकन मोडतात, खेळाच्या जागेवर नको. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, कुंपणाला सर्रास लावतात. तिची बी जीवघेणी विषारी असते आणि पोरं ती खेळायला घेतात. गुंजेचा वेल, धोतरा यांचंही तेच. रोपवाटिकावाले झटपट वाढतं म्हणून कोनोकार्पस गळ्यात मारतात. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं सांगितलं तरी पुरे.

लावण्यापेक्षा जगवण्यात सगळं आहे. ५ जूनला शंभर खड्डे, मार्चमध्ये सहा झाडं, हा हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे. रोजगार हमीत ‘बिहार पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत याच दुखण्यावरचा उपाय होती: ठरावीक झाडं ठरावीक कुटुंबांकडे द्यायची, ती तीन वर्षं जगवायची आणि मजुरी जगलेल्या झाडांवर ठरवायची. गावपातळीवर पैसे नसले तरी झाड घरटी वाटून देता येतं. मुलीच्या जन्माचं, आजोबांच्या स्मरणाचं झाड लोक जगवतात. ‘ग्रामपंचायतीचं झाड’ मात्र शेळी खाते.

हिरवळ करावी का?

नाही. एक गुंठा हिरवळीला उन्हाळ्यात रोज ५०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. जलजीवन मिशनने माणशी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एका गुंठ्याची हिरवळ नऊ माणसांचं पाणी पिते. टँकर लागणाऱ्या गावात असली हौस केली तर लोक शिव्या घालतील, आणि बरोबर घालतील. झाडांना हातपंपाचं वाहून जाणारं पाणी, न्हाणीचं सांडपाणी वळवून द्या. चिखल होत नाही आणि गटारही हलकं होतं.

मैदानावर काय टाकावं? पावसाळ्यात नुसता चिखल होतो.

मुरूम. काळ्या जमिनीवर अर्धा फूट मुरूम, पाणी मारून रोलर. मधून कडेकडे किंचित उतार, शंभर मीटरला एक मीटर पुरतो, आणि कडेने चर. कबड्डी-खो-खोच्या पट्ट्यात मुरमाच्या वर बारीक चाळलेली माती, नाहीतर गुडघे सोलतात.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर पळतात. त्यांच्यासाठी काही करता येईल?

करायलाच हवं. मैदान हवं म्हणून सगळ्यांत जास्त हट्ट करणारा गट हाच असतो, आणि त्यांचंच कुणी ऐकत नाही. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून ही मुलंमुली पळतात. अपघात होतात.

भरतीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. चारशे मीटरचा पूर्ण ट्रॅक गावाच्या आवाक्याबाहेर आहे, पण दोनशे मीटरचा बसतो. दोन सरळ बाजू ४५ मीटरच्या आणि दोन अर्धवर्तुळं साडेसतरा मीटर त्रिज्येची आखली की आतली रेघ बरोबर २०० मीटर भरते. तीन मीटर रुंदीची पळायची वाट धरून सगळं ८६ बाय ४१ मीटरमध्ये, म्हणजे साधारण ३५ गुंठ्यांत येतं. मुलींच्या चार फेऱ्या, मुलांच्या आठ. आतल्या मोकळ्या जागेत खो-खो आणि कबड्डी दोन्ही बसतात, एका कोपऱ्यात गोळाफेकीचं वर्तुळ. गोळा मुलांचा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. ते दोन गोळे ग्रामपंचायतीने घेऊन दिले तरी पोरं दुवा देतील.

एवढी जागा नसेल तर पाझर तलावाच्या किंवा कालव्याच्या कडेची मातीची वाट मोजून दर शंभर मीटरला दगड रोवा. बांधावर जायची परवानगी संबंधित विभागाकडून घ्या.

जुनी तालीम पडली आहे. आता कुस्ती कोण खेळतं? पाडून हॉल बांधावा का?

पाडू नका. हेलसिंकीला १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वर या गावचे. अशा गावांतल्या तांबड्या मातीतूनच ते घडलं. आता स्पर्धा मॅटवर होतात हे खरं, पण सुरुवात मातीतच होते, आणि मुलीही उतरू लागल्या आहेत. हौदातली माती बदलणं, तीत हळद, तेल, ताक घालून ती मऊ करणं हे ज्यांना येतं ती माणसं अजून गावात आहेत. छप्पर दुरुस्त करा आणि त्यांना बोलवा. मुलींसाठी वेगळी वेळ आणि कपडे बदलायला आडोसा हवा.

मुली आणि बायका मैदानावर येतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काही हवं का?

येत नाहीत, कारण येण्यासारखं ठेवलेलं नसतं. दिवे नसतात, स्वच्छतागृह नसतं, आणि फाटकाशी मोटारसायकली लावून पाच-सहा जण बसलेले असतात. आधी त्यांना उठवा. मैदान घरांच्या नजरेत असेल, उंच भिंतीऐवजी आरपार दिसणारी जाळी असेल, तर मुली आपसूक येतात. उंच भिंतीने सुरक्षा मिळते असं वाटतं, प्रत्यक्षात आडोसा मिळतो, तोही नको त्या लोकांना.

खो-खोची एक टीम आणि शिकवायला एक ताई किंवा सर मिळाले तर चित्रच पालटतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. ग्रामसभेत हे सांगा. ‘मुलींनी पळून काय मिळतं’ म्हणणाऱ्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी आणि दिव्यांगांसाठी?

पाठ टेकता येईल असा आणि उठताना हाताला आधार मिळेल असा बाक. फाटकाला पायरी नको. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबी. गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटकावर फिरतं चक्र बसवतात, त्यातून चाकाची खुर्ची जात नाही. शेजारी कडी लावायचं छोटं दार ठेवा.

मैदान लग्नाला, सभेला, ऑर्केस्ट्राला द्यावं का?

गावात दुसरी जागा नसेल तर द्यावंच लागतं. पण वर्षातले किती दिवस, भाडं किती, अनामत किती, हे ग्रामसभेत ठरवून पाटीवर लिहा. मांडवाच्या खड्ड्यांनी मैदान खराब होतं, म्हणून खड्डे बुजवून रोलर फिरवल्यावरच अनामत परत. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा देशभराचा नियम आहे. पाहुणे कितीही मोठे असले तरी.

बैलगाडा शर्यत मात्र इथे नको. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यती मान्य केल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नियमावली आहेच. पुणे भागात घाट, विदर्भात शंकरपटाची धाव, यांना लांब सरळ जागा लागते आणि गर्दी अफाट असते. खेळाचं मैदान एका दिवसात नांगरल्यासारखं होतं.

सगळं मैदान क्रिकेटवालेच अडवतात.

वेळ वाटून द्या. पाच ते साडेसहा लहान मुलं आणि मुली, पुढे मोठे. टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडेच ही वाटणी पाळायची जबाबदारी सोपवा. स्पर्धेतल्या उत्पन्नाचा काही भाग मैदानाला.

देखभाल कोण करणार?

काम मंजूर व्हायच्या आधीच हे ठरवा. गावोगाव बंद पडलेल्या बागा पैशाअभावी बंद पडलेल्या नाहीत, ‘हे माझं काम’ म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून पडल्या आहेत.

ग्रामपंचायतीचा शिपाई आधीच पाणी सोडतो, वसुलीला फिरतो, दवंडी देतो. त्याच्यावर बाग टाकली की बाग गेली. एखाद्या बचत गटाला महिन्याचा ठरावीक मोबदला देऊन झाडलोट आणि पाणी द्या. मैदान आखण्याचं आणि रोलर फिरवण्याचं काम तरुण मंडळ आनंदाने करतं. महिन्यातून एकदा कुणीतरी पाना घेऊन सगळे नटबोल्ट, साखळ्यांच्या कड्या, वेल्डिंगचे सांधे बघायचे आणि वहीत तारीख घालून सही करायची. मोडलेलं खेळणं लगेच दुरुस्त होत नसेल तर काढून ठेवा. अर्धवट मोडलेला झोपाळा हा नसलेल्या झोपाळ्यापेक्षा वाईट.

रात्रीच्या बाटल्यांचं दुखणं सगळीकडे आहे. दिवा चालू राहिला तर निम्मं कमी होतं. उरलेल्या निम्म्यासाठी, बाटल्या कुणाच्या असतात हे गावाला माहीत असतंच.

कुणी पडलं, साप निघाला, मधमाश्या उठल्या तर?

१०८ हा नंबर मोठ्या अक्षरात फाटकावर लिहा, शेजारी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं अंतर. सर्पदंशाला मांत्रिक नाही, चिरा नाही, आवळपट्टी नाही. चावलेला हात-पाय न हलवू देता थेट दवाखाना, आणि लस कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. आग्या मोहोळ झाडावर बसलं तर पोरांना लांब ठेवा, धूर करायचा अगोचरपणा नको, जाणकार माणूस बोलवा.

उद्यानाला नाव कुणाचं द्यायचं यावरून गावात दोन गट पडलेत. काम थांबलंय.

नाव न देता काम सुरू करा. लोक स्वतःच काहीतरी म्हणायला लागतात: चिंचेखालचं मैदान, टाकीजवळची बाग. पुढे तेच राहतं.

ग्रामपंचायतीकडे सध्या एक रुपयाही नाही. मग?

मग रविवारी सकाळी सातला दहा जण कुदळ-फावडं घेऊन या. शाळेमागची किंवा बाजारतळाची जागा साफ करा, काचा वेचा, खड्डे बुजवा. कुणाच्या तरी शेतातून दोन सरळ वासे मिळतील. ते जमिनीवर चार फूट राहतील असे रोवा, टोकं घासून गुळगुळीत करा, खो-खोचे खांब झाले. टेप नसेल तर बैलगाडीचा दोर मोजून घ्या आणि २७ बाय १६ मीटरची रेघ फक्कीने मारा. फक्कीची एक पिशवी बरीच पुरते. ओली करू नका, हात भाजतात.